सध्या वापरात नाही

“नाना, तुम्ही त्या बायकांना सांगणार आहात की नाही?”

रंगराव मास्तरांनी हे पुन्हा विचारलं.

नाना दाराशी चपला काढत होते. त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही. भिंतीला हात टेकायचा, एक चप्पल काढायची, दम घ्यायचा, मग दुसरी. मास्तरांना तेवढाही धीर नव्हता.

“कुठल्या बायकांना?”

“पाथरदऱ्याच्या. या काय, पायरीवर ठाण मांडून बसल्यात. पहिल्या एसटीनं आल्यात, अजून हलत नाहीत.”

“बसू दे की. पायरी कशाला असते?”

“थट्टा नको, नाना. तुमचा शब्द त्या मोडायच्या नाहीत. एकदाच सांगा. म्हणावं, बायांनो, हे संग्रहालय आहे, देऊळ नाही. घरी जा.”

“मला तू फीत कापायला बोलावलं होतंस ना?”

“फीत उद्या. हे आज.”

“बरं. म्हणजे आज बाया हाकलायच्या आणि उद्या फीत कापायची.”

पायरीवरची एक वयस्क बाई पदराआड हसली. मास्तरांनी तिच्याकडं बघितलं, तशी ती जास्तच हसली.

नाना गोसावी आमच्या घाटमाथ्यावरच्या मठीत राहतात. मी त्यांच्याजवळ असतो. पाणी भरतो, वाटेला हात देतो. रंगराव डुबल हे तालुक्याच्या शाळेत मास्तर होते. नानांना गुरू म्हणतात, दर गुरुवारी मठीवर येतात, समोर ताठ बसतात. नाना काही सांगायला लागले, की ते मान हलवतात. पण ऐकणारा माणूस हलवतो तशी नव्हे. पोरानं पाढा बरोबर म्हटला की मास्तर हलवतो, तशी.

माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्यांचा राग येईल. मलाही आला.

धरणाचं पाणी चढायला लागलं, तेव्हा खोऱ्यातली गावं उठली. मास्तर त्याच खोऱ्यातले, पाथरदऱ्याचे. लोक भांडीकुंडी बांधत होते, आणि हे गावोगाव हिंडून जुनं सामान मागत होते. नांगर, पाळणे, चौकटी, घंटा. लोक त्यांना भंगारवाला मास्तर म्हणायचे. पोरं मागं लागून तसं ओरडायची. ते हसू मास्तरांच्या अंगात काट्यासारखं राहिलं. त्या सामानाचंच हे संग्रहालय झालं.

त्यातलंच एक जातं.

पाथरदऱ्यात भैरोबाच्या देवळापुढं ते होतं. कुणाच्या घरचं नव्हे, गावाचं. लगीन निघालं, की पाच सवाष्णींनी त्या जात्यावर पहिली हळद दळायची. मग बाकीची दुकानातली असली तरी चालायची. पण पहिली मूठ गावजात्यातली. पाटलाची पोर असो नाहीतर गुराख्याची, जातं तेच.

गाव उठलं तेव्हा जातं कुणाच्या दारात न्यायचं यावरून भांडण लागलं. भावकीत काठ्या निघाल्या. तेव्हा मास्तर मध्ये पडले. म्हणाले, माझ्याकडं राहू दे. कुणाचंच होणार नाही, सगळ्यांचं राहील. लगीन निघालं की या, दळा, जा.

गावानं जातं दिलं. बायकाही येत गेल्या. तेव्हा संग्रहालय म्हणजे शाळेमागची पत्र्याची खोली होती. दळताना बाहेर रस्त्यापर्यंत गाणी ऐकू यायची.

आता नवी इमारत झाली. फरशी आली, दिवे आले, पाट्या आल्या. जात्याभोवती दोरी आली. उद्या सकाळी त्याच्यावर काचेची पेटी बसायची होती.

आणि मैनाक्काच्या शालनचं लगीन परवावर आलं होतं.

मैनाक्का पायरीवरून उठली. तिच्या हातात हळदीनं माखलेल्या फडक्याची पुरचुंडी होती. घरी उखळात जाडसर कुटून आणलेली हळकुंडं.

“नाना, तुमीच इचारा त्यास्नी. भामीच्या पोरीला चाललं, सरूच्या पोरीला चाललं. माझीच शालन काय वाटंवर पडलीया?”

“तेव्हा मी चालवून घेतलं,” मास्तर म्हणाले. “त्याचे डाग दाखवू? दगडात तेल मुरलंय. कुंकू मुरलंय. दीडशे वर्षांची वस्तू आहे, मैना. तुझ्या घरचा पाटा नव्हे.”

“दीडशे वर्सं आमच्या हळदीनं त्येला काय झालं न्हाई. आत्ताच कसं व्हायला लागलं?”

“मास्तर म्हातारं झाल्यात, बाई,” ती हसणारी म्हणाली. “जातं हाय तसंच हाय.”

ही बायजाकाकी. पाचजणींत वयानं मोठी, आणि तोंडानं त्याहून.

मास्तरांचे कान लाल झाले.

“काकी, वाद नको. मी मार्ग काढलाय. पाथरवटाला सांगून हुबेहूब तसंच जातं घडवतो. फाटकाजवळ ठेवतो. हवी तेवढी हळद दळा, कोण अडवणार नाही.”

“हुबेहूब?” बायजाकाकीनं विचारलं.

“हुबेहूब. फरक कळायचा नाही.”

“मग त्येच काचंत ठेवा की. पाव्हन्यास्नी कुठं कळतंय?”

बाकीच्या हसल्या. मलाही हसू आलं, मी खाली बघितलं. मास्तर मात्र हसले नाहीत.

“बघताय ना, नाना? असं बोलतात. ज्यानं सगळं वाचवलं त्याला असं बोलतात.”

नाना म्हणाले, “मला आधी दाखव तरी काय वाचवलंस ते. चला ग, तुम्हीही चला.”

“त्या नको!”

“का? उद्यापासून लोकांनी यायचंच आहे ना?”

“यायला ना नाही... पण तेल, हळद, कुंकू, खायचं काही आत न्यायचं नाही. दारावर लिहिलंय.”

मास्तरांनी हात पुढं केला.

मैनाक्कानं पुरचुंडी छातीशी धरली.

“दे, मैना,” नाना म्हणाले. “त्याच्या हातात दे.”

तिनं नानांकडं बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, जाळ होता.

“तुमी बी?”

“दे.”

तिनं ती पुरचुंडी मास्तरांच्या तळहातावर अशी आदळली, की फडक्यातून पिवळा धुरळा उडाला.

मास्तरांनी मूठ मिटली. ठेवायला टेबलाकडं गेले, तर टेबलावर उद्याचं सामान होतं. हार, गुलाल, फीत, नारळ. जागाच नव्हती.

“नारळ फोडायचा हाय व्हय?” बायजाकाकीनं विचारलं.

“उद्घाटनाला. दाराशी.”

“बरं बरं. नारळाचं पानी फरशीला चालतंय. हळद तेवढी चालत न्हाई.”

मास्तर आत निघाले. पुरचुंडी त्यांच्या मुठीतच राहिली.

मागून कुणीतरी पुटपुटलं, “नाना बी त्येंच्यातलंच निघालं.”

नानांनी ऐकलं. मीही ऐकलं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर नानांचाही राग आला. पोरीची हळद अशी काढून घ्यायला लावायची? तरी नानांचा हात धरला नि चालायला लागलो.

आत गारवा होता. नव्या चुन्याचा वास होता.

पहिल्याच दालनात घंटा टांगलेली. पाथरदऱ्याच्या भैरोबाची. नाना खाली उभे राहून वर बघत राहिले. घंटेच्या लोलकाला चिंधी गुंडाळून घट्ट बांधली होती.

“हिला काय झालंय?”

“काही नाही. शाळेची पोरं येतात ती वाजवतात. म्हणून बांधली.”

“मला वाटलं घसा बसला.”

मास्तर चालू लागले.

पुढं एक चौकट उभी होती. नुसती चौकट. भिंत नाही, घर नाही. दोन्ही फळ्यांवर कोरीव फुलं, मधोमध पितळी कडी. दार सताड उघडं. नाना त्यातून जायला निघाले.

“नाना, इकडून नको. बाजूनं या.”

“दार उघडं आहे की.”

“ते बघायचं दार आहे.”

“अस्सं...” नाना म्हणाले, आणि पाय ओढत बाजूनं गेले. आम्ही सगळे बाजूनं गेलो. उघड्या दाराला वळसा घालून जाताना पायाला कसंतरीच वाटतं.

मग पाळणा आला. शिसवी, चारी कोपऱ्यांना लाकडी राघू. बायजाकाकी थांबली. इतका वेळ तिचं तोंड चालू होतं, ते बंद झालं.

“ह्यो आमचा,” ती म्हणाली. “ह्यात माझी समदी पोरं निजली.”

तिनं एका राघूकडं हात नेला. त्याची चोच तुटलेली होती. धाकट्यानं चावून तोडली असणार, दुसरं कोण तोडतंय.

“काकी, हात नको.”

तव्यावरून उचलावा तसा तिनं हात उचलला.

“आमच्याच पाळन्याला?”

“कुणाच्याही नाही. सगळ्यांना एकच नियम.”

“कवा परका झाला रं ह्यो?”

मास्तर वळले. इतका वेळ दाबलेलं सगळं त्यांच्या तोंडाशी आलं.

“काकी, तुमचा थोरला हा पाळणा चुलीत घालायला निघाला होता. कुऱ्हाड हातात होती त्याच्या. मी पाया पडून मागून आणला. आठवतं का?”

बायजाकाकीनं राघूकडं बघितलं.

“बोला ना. आठवतं का?”

“आठवतंय,” ती हळूच म्हणाली.

“ऐकलंत, नाना? मी नसतो तर पाळण्याची राख झाली असती. घंटा भंगारात वितळली असती. चौकट कुणाच्या गोठ्याला लागली असती. मी दारोदार हिंडलो. लोकांनी माझ्या तोंडावर मला भंगारवाला म्हटलं. आणि आज ह्या मला हक्क सांगतात! तेव्हा कुठं होत्या ह्या?”

शेवटचा शब्द दालनात घुमला. फरशी नवी, सामान थोडं. असल्या जागी माणसाचा राग त्यालाच परत ऐकू येतो.

मैनाक्का पुढं आली. ओरडली नाही.

“कुठं हुतो सांगू? पानी उंबऱ्याला लागलं हुतं. मास्तर, तुमी जातं उचलत हुता. आमी पोरं उचलत हुतो.”

...

“आनि जातं बी तुमी एकट्यानं न्हाई उचललं. माझ्या मालकाच्या खांद्याला त्येचा वळ हाय अजून. त्यो बी आना की हितं. ठेवा काचंत.”

मास्तरांनी मूठ आणखी आवळली. त्यांच्या मुठीतून बाहीवर पिवळा डाग उतरला होता. त्यांना तो दिसला नव्हता.

नाना म्हणाले, “माझा पाय दुखायला लागलाय. जातं कुठं आहे?”

जातं शेवटच्या दालनात होतं. मधोमध पांढरा रंग दिलेला ओटा, त्यावर जातं, भोवती लाल दोरी, वरून दिवा. खुंटा तेलपाण्यानं आणि हातांनी काळा गुळगुळीत झालेला. त्या पांढऱ्या ओट्यावर ते असं दिसत होतं, जसं दवाखान्यात उताणं निजवलेलं माणूस.

बायका दोरीशी थांबल्या. एकीनं नकळत हात जोडले. मास्तरांकडं बघून पुन्हा सोडले.

नानांनी मला विचारलं, “पाटीवर काय आहे रे? वाच.”

मी अक्षर लावत वाचणारा माणूस. वेळ लागतो. पण दालनात इतकं शांत होतं, की सगळ्यांना ऐकू गेलं.

“गावजाते... गाव पाथरदरे... लग्नाची पहिली हळद दळण्यासाठी... वापरत असत... सध्या वापरात नाही.”

“काय?” मैनाक्का माझ्याकडं वळली. “आबा, शेवटचं पुन्ना वाचा.”

“सध्या वापरात नाही.”

“कुनी लिवलं ह्ये?”

“मी लिहिलं,” मास्तर म्हणाले. “त्यात चुकीचं काय आहे? उद्या काच बसली की—”

“काच उद्या बसायची हाय! आज मी हितं उभी हाय! परवा माझ्या दारात मांडव हाय, नवरी घरात बसलीया, आमी पाच सवाष्णी पहाटंच्या एसटीनं आलोया, आनि वापरात न्हाई?”

तिचा आवाज फुटला.

“आमी मेलो का काय, रंगूदादा?”

इतका वेळ ती मास्तर म्हणत होती. रंगूदादा म्हणजे पाथरदऱ्यातलं नाव. मास्तरांनी ते बऱ्याच दिवसांत ऐकलं नसावं. त्यांची पापणी लवली.

पण माणूस एकदा रागाच्या घोड्यावर बसला, की मधेच उतरायला त्याला लाज वाटते.

“मैना, हे तुझ्या माझ्यासाठी नाही. पुढं येणाऱ्यांसाठी आहे. आपण नसू तेव्हा त्यांना कळावं.”

“काय कळावं?”

“की पाथरदऱ्यात अशी रीत होती.”

“हाय!”

“होती म्हण, आहे म्हण, ती विसरू नये म्हणूनच हे सगळं चाललंय ना?”

“विसरलंय कोन? आमी तर न्हाई विसरलो. तुमच्या हळदीला खुंट्यावर तुमची आई बसली हुती. म्या परकरी पोर. तिच्या हाताखाली हात घातला तर म्हनाली, धर ग मैना, उद्या तुझी बी हितंच दळायची हाय. माझी दळली. आता माझ्या पोरीची दळायची म्हनलं तर तुमी दोरी बांधता!”

बाकीच्या तिघी रडायला लागल्या. मैनाक्का रडली नाही. बायजाकाकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो झटकला.

मास्तर नानांकडं वळले. मुठीसकट हात वर केला.

“नाना, आता तुम्हीच बोला. मला दमलोय म्हणायचीही सोय राहिली नाही. मठीत तुम्हीच सांगता ना, हाती आलेलं सांभाळावं, वाया जाऊ देऊ नये? मी सांभाळलं. सगळं आयुष्य घातलं. यात माझं काय चुकलं ते सांगा, मी आत्ता ही दोरी सोडतो. नाहीतर ह्यांना सांगा, की घरी जा.”

बायका नानांकडं बघायला लागल्या. मीही.

नाना जात्याकडं बघत होते.

...

“बोला ना, नाना.”

...

नानांनी लाल दोरी उचलली आणि खालून वाकून आत गेले. मला म्हणाले, “हात दे रे.” मी हात दिला. ते ओट्यावर चढले आणि जात्यापाशी बसले. गुडघा वाकत नाही, म्हणून उजवा पाय लांब सोडावा लागला. बाई दळायला बसते ना, तसेच बसले ते.

“नाना! दोरीच्या आत कुणी जायचं नाही. मी स्वतःसुद्धा जात नाही!”

नानांनी खुंटा धरला.

“नाना, हात लावू नका!”

जातं फिरलं.

दळताना जात्याचा आवाज कसा असतो, ज्यानं ऐकलाय त्याला सांगायला नको. भरलेला असतो. त्यावर गाणं बसतं. हा आवाज तसला नव्हता. कोरडा होता. झोपेत माणूस दात खातं, तसा.

बायजाकाकीनं तोंडावर पदर घेतला. “अगं बया...”

मैनाक्का एक पाऊल पुढं आली आणि दोरीशी अडली.

“काय करताय हे?” मास्तरांनी विचारलं.

“दळतोय.”

“काय दळताय?”

“तू ठेवलंस ते.”

मास्तरांना कळलं नाही. मलाही कळलं नाही. नाना खाली मान घालून फिरवत राहिले. म्हातारा हात, पण थांबला नाही. आवाज भिंतींवर आपटून परत येत होता, तिकडं चौकटीपाशी, पाळण्यापाशी, त्या चिंधी बांधलेल्या घंटेपाशी जाऊन येत होता. मला वाटलं, कान झाकावेत.

मग जात्याच्या कडेनं काहीतरी पडायला लागलं. आधी कळेना. पांढऱ्या ओट्यावर काळी रेघ उमटली. ती जाड झाली. बारीक, काळी भुकटी.

दगडाचं पीठ.

मास्तर त्या भुकटीकडं बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं ते नियमच म्हणतायत. नानांनी आणखी एक फेरा घेतला, आणखी एक, आणि मास्तर ओरडले,

“नगा, नाना! रिकामं जातं फिरवू नगा! दगुड दगडाला खातुया!”

हा मास्तरांचा आवाज नव्हता. इतक्या गुरुवारांत मी तो कधी ऐकला नव्हता. शाळेतला नव्हता, भाषणातला नव्हता. मैनाक्कानं चटकन मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. तिला तो ओळखीचा असावा.

नाना थांबले. खुंट्यावरचा हात तसाच.

...

मास्तर दोरीच्या आत उभे होते. कधी आले, त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. दोरी एका बाजूनं सुटून फरशीवर लोळत होती. उजवी मूठ त्यांनी छातीशी घट्ट आवळून धरली होती, आणि शर्टावर, खिशाच्या जरा खाली, हळद उमटली होती.

नानांनी त्या मुठीकडं बघितलं.

“मग मूठ उघड, रंगा.”